बारावीचे गुण आणि महाविद्यालयातील लेखनवर्ग

बारावीला भाषेत उत्तम गुण मिळविलेल्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात पुन्हा लेखनाच्या तासाला का बसावे? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून पदवीच्या अभ्यासक्रमात भाषाक्षमतेचे पाठ आले आहेत. इकडे बारावीच्या मराठी ‘युवकभारती’त मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख यांची ओळख झालेली असते. तेच पुन्हा गिरवायचे, तर खेड्यातून एस.टी.ने मालवणास येणाऱ्या मुलाचा वेळ फुकट जातो.

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. तेथे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ ही योजना १९५० च्या दशकात सुरू झाली. विद्यार्थी शाळेतच महाविद्यालयाच्या तोडीचा अभ्यास करतो. परीक्षेत १ ते ५ पैकी श्रेणी मिळते, आणि ती पुरेशी वरची असल्यास पुष्कळ महाविद्यालये पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गातून सूट देतात. इंग्रजी रचनेच्या त्या परीक्षेत सव्वादोन तासांत तीन निबंध लिहावे लागतात.

अशा परीक्षेत एका बैठकीतला पहिला खर्डा तेवढा पाहिला जातो. आपल्या किनाऱ्यावरचेच उदाहरण घेऊ. रापण ओढणारे आणि पर्ससीन जाळी टाकणारे यांच्यातील वादावर अहवाल लिहावयास सांगितला, तर बारावीचा हुशार विद्यार्थी शीर्षक, तारीख, मुद्दे यथास्थित मांडील. परंतु दोन्ही पक्षांना भेटणे, मासळीचे आकडे पडताळणे, ऐकीव गोष्टी गाळणे आणि कोणी दोष दाखविल्यावर सारे पुन्हा लिहून काढणे, हे उत्तरपत्रिकेत कसे व्हावे? महाविद्यालयातील लेखनवर्गाचे खरे काम तेच आहे. तेथेही अहवालाचा नमुनाच उतरवून देत असतील, तर विद्यार्थ्याची तक्रार खरी मानावी लागेल.

कोकण मंडळाचा बारावीचा निकाल २०२४ साली ९७.५१ टक्के, राज्यात सर्वाधिक, लागला. याचा अभिमान जरूर असावा. पण एवढी मुले उत्तीर्ण होतात तेव्हा केवळ गुणपत्रिकेवरून लेखनशक्तीची पारख होत नाही.

म्हणून सूट द्यावी, पण लेखन पाहून द्यावी. प्रवेशानंतर एक विषय द्यावा, खर्ड्यावर शेरे मारावेत आणि आठवड्याने सुधारलेला लेख मागावा. दोन्ही लेख शेजारी ठेवले की सुधारणा करण्याची शक्ती दिसते. ती असेल त्यास वरच्या पाठास बसवावे. नसेल त्यास, गुण कितीही असोत, वर्गात बसवावे. उद्या त्याच्याच हातचा अर्ज वा अहवाल गावाच्या कामी यायचा आहे.