गिऱ्हाइकाच्या वेषांत

शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरानें सकाळीं गोदाकाठीं फिरून यावें, सार्वजनिक वाचनालयांत वर्तमानपत्रें चाळावीं, नातवंडांकडून श्लोक पाठ करून घ्यावे आणि संध्याकाळीं ओट्यावर बसून काळ वाईट आला म्हणावें, अशी आमच्या नाशिकची जुनी रीत आहे. ती सोडून हा गृहस्थ कधीं कॉलेज रोडवरील कपड्यांच्या दुकानांत, कधीं एखाद्या उपाहारगृहांत, तर कधीं पेट्रोलपंपावर एकटाच कां दिसतो, असा प्रश्न पुष्कळांनीं आमच्या घरीं विचारला. ज्या कामाची पहिली अटच गुप्ततेची, त्याचें उत्तर ओट्यावर कसें द्यावें? आतां तें काम मीं सोडलें आहे. तेव्हां कोणत्याहि कंपनीचें वा दुकानाचें नांव न घेतां त्याची हकीकत सांगण्यास हरकत नाहीं. फावल्या वेळांत चार पैसे मिळवावे अशी इच्छा हल्लीं प्रत्येक घरांत एका तरी माणसास असते. त्याला ही हकीकत उपयोगी पडेल अशी आशा आहे.

या कामास इंग्रजींत ‘मिस्टरी शॉपिंग’ म्हणतात. मी त्यास ‘गुप्त गिऱ्हाइकी’ म्हणतों. एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याचीं देशभर शंभर दुकानें असतात. नाशिकच्या दुकानांत गिऱ्हाइकास कसें वागवितात हें मुंबईंत बसलेल्या मालकास कसें कळावें? स्वतः गेला तर सारे ओळखतात, आणि ओळखले गेलेल्या मालकास जें दिसतें तें खरें नसतें. आमच्या शाळेंत तपासणीचा दिवस आधीं कळे. मग भिंतींना चुना लागे, फळ्यावर सुविचार झळके, आणि एरवीं खिडकीबाहेर पाहणारा विद्यार्थीहि हात वर करून बसे. साहेब जें पाहून जात, ती शाळा वर्षांतून एकच दिवस भरत असे. म्हणून व्यापारी एखाद्या पाहणी-कंपनीस काम देतो, आणि ती कंपनी तुमच्याआमच्यासारख्या साध्या माणसास गिऱ्हाईक म्हणून पाठविते.

हें नांव अमेरिकेंत १९४० च्या दशकांत रूढ झालें असें सांगतात. परंतु कल्पना आपणांस नवी नाहीं. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आर. शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी आली आणि १९०९ मध्यें त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. तींत व्यापारी, गृहस्थ, तापस, विद्यार्थी अशा नाना वेषांत हिंडणारे गूढपुरुष आहेत. चौथ्या अधिकरणांत तर न्यायाधीशाचीहि अशीच परीक्षा सांगितली आहे: सत्री नांवाच्या हेरानें त्याचा विश्वास संपादावा, आपल्या एका आप्तावर किटाळ आलें आहे असें सांगून पैसे पुढें करावे, आणि त्यानें ते घेतल्यास त्याला हद्दपार करावें. त्याच अधिकरणांत बाजारांतील वजनमापांची तपासणी आहे. द्रोणाच्या मापांत अर्ध्या पळाचा फरक पडला तर दोष नाहीं; पूर्ण पळाचा पडला तर बारा पण दंड! मनुष्याच्या हातून थोडें कमीअधिक व्हावयाचेंच, पण त्या थोड्यासहि सीमा असावी, हें धोरण आजहि तसेंच आहे. पेट्रोलपंपावर कोणाहि गिऱ्हाइकास पांच लिटरच्या प्रमाणित मापानें पेट्रोल मोजून मागतां येतें, आणि त्यांत २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य मानितात.

आतां कामाची रीत. कंपनीकडे नांव नोंदविलें कीं कधींतरी मोबाईलवर निरोप येतो: अमुक दुकान, अमुक तारखांच्या दरम्यान, दुपारीं चार ते सात. सोबत सूचनांचा कागद असतो. दाराशीं गेल्यावर किती मिनिटांनीं कोणी दखल घेतली? विक्रेत्याच्या छातीवर नांवाची पट्टी होती काय? त्यानें तुमची गरज विचारली, कीं एकदम महागाची वस्तु पुढें केली? माल बदलून मिळण्याची मुदत आपण होऊन सांगितली काय? बिल न मागतां दिलें काय? असे पन्नास-साठ प्रश्न. दुकानांत कागद काढावयाचा नाहीं, नजर फिरवावयाची पण रेंगाळावयाचें नाहीं. येथें मला लहानपणच्या पाठांतराचा उपयोग झाला. शब्दरूपावलि ज्यानें घोकली, त्याला साठ प्रश्न जड जात नाहींत. बाहेर पडून रिक्षांत बसलों कीं वेळा वहींत टिपून घ्यावयाच्या, आणि त्याच रात्रीं बिलाच्या छायाचित्रासह अहवाल पाठवावयाचा.

माझा पहिला अहवाल परत आला! मीं लिहिलें होतें, ‘दुकान स्वच्छ होतें.’ उत्तर आलें, ‘काय पाहिलेंत तें लिहा, मत नको.’ जन्मभर इतरांच्या निबंधांत तांबडी शाई ओतलेल्या मास्तरास कोणा अनोळखी तरुण परीक्षकानें दिलेला हा शेरा अगदीं योग्य होता. पुढच्या खेपेस मीं लिहिलें, ‘कपडे घालून पाहण्याच्या खोलींत जमिनीवर तीन टाचण्या व एक फाटकी चिठ्ठी होती, आरसा पुसलेला होता.’ तो अहवाल एका दमांत मान्य झाला.

आतां मुख्य प्रश्न मिळकतीचा. मीं चार महिन्यांचा हिशेब मांडून ठेविला आहे. अकरा कामें केलीं. त्यांपैकीं एका कामाच्या बिलाचें छायाचित्र अस्पष्ट निघालें, म्हणून त्याचे पैसे बुडाले. उरलेल्या दहा कामांचे मिळून ३,९५० रुपये हातीं आले. त्यांतून रिक्षाभाडें ७४० रुपये वजा जातां राहिले ३,२१०. जाणें, येणें, पाहणें आणि लिहिणें धरून दर कामास चार तास लागले, म्हणजे एकंदर ४४ तास. भागाकार केला तर तासास सुमारें ७३ रुपये पडतात. पुन्हां पैसे हातीं येण्यास दीड महिना लागे, तोंवर वस्तूची किंमत स्वतःच्या खिशांतून भरलेली असे. ही मिळकत प्राप्तीच्या हिशेबांत दाखवावी लागते, हेंहि विसरूं नये. तात्पर्य, ज्याला बाजारांत जाणें आहेच त्याची ही भाजीपाल्याची तजवीज होय. हिच्यावर घर चालवूं म्हणणाऱ्यानें दुसरा विचार करावा.

याच हिशेबावरून खरें काम आणि खोटें काम ओळखतां येतें. आमच्याच वाड्यांतील एका होतकरू तरुणास टेलिग्रामवर निरोप आला: घरबसल्या हॉटेलांना तारे द्या, दर कामास दीडशे रुपये घ्या. तीन कामांचे ४५० रुपये खरोखरच जमा झाले. मग ‘आगाऊ रकमेचें काम’ म्हणून २,००० भरले, त्याचे २,८०० परत आले. विश्वास बसला. नंतर १०,००० गेले, पाठोपाठ ४०,००० गेले. पडद्यावर त्याच्या नांवें लाखावर शिल्लक दिसत होती; ती काढूं जातां ‘आधीं कर भरा’ असा हुकूम आला. तेव्हां मुलाचे डोळे उघडले. पण वडील काय म्हणतील या भीतीनें तो दोन दिवस गप्प राहिला. हे दोन दिवस पन्नास हजारांहून महाग पडले. कारण १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केली, तर पैसे पुढच्या खात्यांतून पसार होण्यापूर्वीं अडविले जाण्याची आशा असते. उशीर झाला कीं ती मावळते. घरांतल्या वडील मंडळींस माझें हात जोडून सांगणें आहे कीं, मूल फसलें असें कळतांच आधीं दूरध्वनि करावा आणि मग रागवावें. ज्या घरांत बोलणीं खाण्याची भीति मोठी, त्या घरांत चोरास सवड अधिक.

परदेशांत याच नांवाखालीं निराळी युक्ति चालते. ‘गुप्त गिऱ्हाईक’ म्हणून निवड झाल्याचें पत्र आणि सोबत मोठ्या रकमेचा धनादेश येतो. तो खात्यांत भरून त्या पैशांचीं भेटकार्डें घ्यावीं व त्यांवरील आंकडे कळवावे, अशी आज्ञा असते. पुढें धनादेश खोटा ठरतो आणि भरपाई त्या बिचाऱ्याच्या माथीं येते. दोहोंचें मर्म एकच. काम देणारा जर तुमच्याकडूनच पैसे मागूं लागला, मग त्यास नोंदणी म्हणा, अनामत म्हणा वा कर म्हणा, तर तें काम नव्हे. आणि तासास ७३ रुपयांच्या कामाचे कोणी हजार देऊं लागला, तर तो दाता नव्हे.

एवढें असूनहि या वेषांतराचा मोठा उपयोग आहे, तो मात्र पैशांत मोजावयाचा नाहीं. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा १९९४ सालीं झाला. पण बंद दाराआड चाललेला अपराध सिद्ध कसा व्हावा? साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळानें गर्भवती स्त्रियांस बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवून अशीं केंद्रें उघडकीस आणलीं. पोटांत मूल असतां त्या खोलींत शिरणाऱ्या त्या स्त्रियांचें धैर्य मला कोणत्याहि गूढपुरुषाहून थोर वाटतें. देशपांडे यांस २०२५ मध्यें संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. तसेंच, आमच्या नाशिकरोडच्या छापखान्यांत १९२८ पासून ज्या नोटा छापल्या जातात, त्यांपैकीं फाटक्या-मळक्या झालेल्या बँका निमूटपणें बदलून देतात कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं रिझर्व्ह बँकेचे लोकहि ओळख न देतां शाखांतून जातात.

राहतां राहिला मनांतला प्रश्न. ज्यानें मुलांना खरें बोलण्यास शिकविलें, त्यानें हें सोंग करावें काय? पहिल्या धक्क्याची हकीकत सांगतों. एका दुकानांत सदरा पाहात असतां विक्रेता एकदम वांकून पायां पडला. “सर, मला ओळखलेंत?” माझा जुना विद्यार्थी! त्यानें खुर्ची दिली, पाणी आणविलें, दहा सदरे उलगडले. कागदावरील सर्व प्रश्नांचें उत्तर ‘होय’; पण तो आदर गिऱ्हाइकाचा नव्हता, मास्तराचा होता. घरीं येऊन कंपनीस कळविलें कीं ओळख निघाली, काम रद्द समजावें. मानधन गेलें, त्याचें वाईट वाटलें नाहीं.

दुसऱ्या हकीकतीचें वाटतें. लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानांत संध्याकाळीं साडेसहाला गेलों. विशीबाविशीची मुलगी होती. बोलणें तुटक, चेहरा ओढलेला, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी. प्रश्न होता: ‘विक्रेत्यानें हंसून स्वागत केलें काय?’ मीं ‘नाहीं’ लिहिलें. तें सत्य होतें. त्याखालच्या मोकळ्या जागेंत हेंहि लिहिलें कीं, तिच्या मागें बसण्यास कांहींच नव्हतें. अहवाल मान्य झाला आणि पैसेहि आले.

रात्रीं जेवतांना ही गोष्ट घरीं सांगितली. कुटुंब म्हणालें, “तुम्ही लिहिलेंत तें खरें, पण अहो, तिला काय होतंय तें विचारलंत का?” मीं म्हटलें, “विचारतां येत नाहीं. गुप्त काम आहे.” त्यावर तिनें ताटांत आमटी वाढली आणि कांहीं बोलली नाहीं.

पंधरा दिवसांनीं नातीसाठीं परकर-पोलकें घेण्याच्या निमित्तानें मी त्याच दुकानांत गेलों. या खेपेस खिशांत कोणाचा कागद नव्हता. मुलगी तेथेंच होती आणि उभीच होती. मीं म्हटलें, “मला घाई नाहीं. जरा बसून घ्या.” ती या वेळीं हंसली. म्हणाली, “बसायची परवानगी नाही, काका. कॅमेरा आहे.” केरळांत २०१८ सालीं आणि तमिळनाडूंत २०२१ सालीं दुकानांतील नोकरांस बसण्याची सोय देणें कायद्यानें बंधनकारक झालें, हें मीं नंतर वाचनालयांत वाचलें. कंपनीच्या साठ प्रश्नांत या गोष्टीचा एकहि प्रश्न नव्हता. पाहणाऱ्यानें खरें सांगितलें तरी, विचारणाऱ्यानें जें विचारलेंच नाहीं तें सत्य बाहेरच राहतें.

त्यानंतर मीं तीं कामें घेणें बंद केलें. इतरांनीं करूं नयेत असें माझें म्हणणें नाहीं. ज्याची नजर बारीक व लेखणी प्रामाणिक, आणि ज्याला रिकाम्या जागेंत दोन ओळी अधिक लिहिण्याचा कंटाळा नाहीं, त्यानें तीं अवश्य करावीं. पण मानधनावांचूनहि आपण प्रत्येकजण गिऱ्हाईक आहोंच. पेट्रोल मोजून मागावें. सराफाकडे दागिन्यावरील सहा अक्षर-अंकांची हॉलमार्कची खूण पाहावी, ती एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. बिल घेतल्यावांचून पायरी उतरूं नये. आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसास, आपण कोण हें न लपवितां, एकदां तरी बसा म्हणावें.