बायी : छावणीतून आलेला संघ

चिनी लिपीत ‘बायी’ हे नाव लिहावयास कुंचल्याचे अवघे तीन फटकारे पुरतात. ‘बा’ म्हणजे आठ. त्यासाठी डावी-उजवीकडे उतरत जाणारे दोन. ‘यी’ म्हणजे एक. त्यासाठी आडवा एक. आठव्या महिन्याचा पहिला दिवस, एवढाच त्या नावाचा अर्थ. परंतु १ ऑगस्ट १९२७ च्या पहाटे नानचांग नगरात साम्यवादी बंडाच्या ज्या बंदुका कडाडल्या, त्यांच्या आवाजातून चीनच्या लोकमुक्तिसेनेचा जन्म झाला असे ती सेना आजतागायत मानीत आली आहे, आणि म्हणून तिच्या लाल निशाणावर पिवळ्या ताऱ्याशेजारी हीच दोन अक्षरे झळकतात. हीच अक्षरे छातीवर मिरवीत जो बास्केटबॉल संघ पिढ्यान्‌पिढ्या मैदानात उतरला, चीनच्या व्यावसायिक साखळी स्पर्धेच्या पहिल्या बारा हंगामांपैकी आठांत ज्याने अजिंक्यपद मिळविले, आणि २०२० च्या ऑक्टोबरात ज्याचे नाव स्पर्धेच्या पटावरून कायमचे उतरले, त्या बायी रॉकेट्स संघाचा परिचय करून देण्याचे येथे योजिले आहे.

हा खेळ चीनमध्ये आला तो पाद्र्यांच्या हातून. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला टोपल्या टांगून तो सुरू केला आणि चारच वर्षांनी, १८९५ साली, त्यानजिन बंदरातील ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेने तो चिनी विद्यार्थ्यांपुढे मांडला. शाळा-महाविद्यालयांतून पसरत पसरत तो साम्यवादी सेनेच्या तळांवर कसा पोहोचला, याचा विचार केला म्हणजे त्याचे साधेपण प्रथम ध्यानी येते. खळ्याएवढी सपाट जमीन, दोन खांब, दोन कडी आणि एक चेंडू, एवढ्या सामग्रीवर दहा शिपायांची संध्याकाळ सार्थकी लागते. सेनेचा तळ असलेल्या येनानच्या पिवळ्या मातीच्या टेकड्यांत, जेथे अन्नवस्त्राचीही वानवा होती, तेथे हा खेळ सेनेचा जिव्हाळ्याचा खेळ झाला. सेनापती चू ते स्वतः खेळत. आणि हे लोंग या दुसऱ्या सेनानीला तर त्याचा इतका ध्यास होता, की आपल्या १२० व्या डिव्हिजनमध्ये त्यांनी निवडक खेळाडूंचे ‘झानदोउ’ म्हणजे ‘संग्राम’ नावाचे पथकच उभारले आणि ऐन जपानविरोधी युद्धाच्या धामधुमीत ते सांभाळले. नानचांगच्या त्या पहाटे बंडाच्या सैन्याचे नेतृत्व करणाऱ्यांत हेच हे लोंग होते, आणि १९५२ साली नव्या राजवटीने राष्ट्रीय क्रीडा आयोग स्थापिला तेव्हा त्याची सूत्रेही त्यांच्याच हाती आली. बायीचा वंशवृक्ष लिहावयाचा झाल्यास त्याच्या मुळाशी या एका माणसाचे नाव लिहावे लागेल.

पन्नाशीच्या दशकात सेनेचा मध्यवर्ती संघ आकारास आला आणि प्रांतोप्रांतीच्या संघांना त्याने लवकरच मागे टाकले. याचे कारण शोधावयास फार दूर जावे नको. प्रांताच्या संघाला आपल्या प्रांतातलीच मुले. सेनेला मात्र साऱ्या मुलखातून भरतीची मुभा. शिवाय फौजेत नाव लागले की पोराला गणवेश मिळे, दोन वेळच्या भरपेट जेवणाची आणि दरमहा तनख्याची निश्चिती होई, आणि खेळ संपल्यावरही नोकरीचा आधार राही. त्या काळच्या चिनी शेतकरी कुटुंबास याहून मोठी सनद कोणती हवी होती? शांतुंगच्या एका खेड्यातला मू त्येचू हा याच वाटेने आलेला. त्याच्या नावाचा अर्थ ‘लोखंडी खांब’, आणि उंची दोन मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर! सत्तरीच्या दशकात हा राक्षसी देहाचा आणि सौम्य चेहऱ्याचा शिपाई कड्याखाली उभा राहिला म्हणजे आशियातल्या प्रतिस्पर्ध्यांना पलीकडचे काही दिसेनासे होई; १९७८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत चीनने जे सुवर्णपदक मिळविले, त्यात त्याचा वाटा होता.

१९९५ साली चीनने व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू केली. तिकिटे, जाहिराती, पुरस्कर्ते, परदेशी खेळाडूंचे करार, असा सारा बाजार तिच्याबरोबर आला. सेनेच्या राजकीय विभागाच्या अखत्यारीतला हा संघही त्यात उतरला, त्याने पुरस्कर्ते घेतले, आणि झेज्यांग प्रांतातील निंगबो या बंदराच्या शहरात आपले घर केले. परंतु एक शिरस्ता त्याने पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत मोडला नाही. त्याचा प्रत्येक खेळाडू सेनेचा शिपाई असे, आणि परदेशी माणूस सेनेचा शिपाई होऊ शकत नाही. म्हणून बायीच्या बाकावर परदेशी खेळाडू कधीच बसला नाही. समोरच्या संघात अमेरिकेहून आणलेले धिप्पाड, उड्या मारण्यात निष्णात असे गडी असत, आणि त्यांच्यापुढे बारीक केस कापलेली ही चिनी मुले पहिले सहा हंगाम ओळीने जिंकत राहिली. ग्वांगदोंग हरला, ल्याओनिंग हरला, याओ मिंगचा शांघाय शार्क्सदेखील दोनदा हरला. एकत्र राहणे, एकत्र जेवणे, पहाटे एका शिट्टीसरशी उठणे आणि वर्षानुवर्षे तेच चार डावपेच घोटणे, यांतून जो परस्परांचा अंदाज अंगी मुरतो, तो पैशाने विकत घेता येत नाही असे त्या काळी वाटे, आणि त्या काळापुरते ते खरेही होते.

या संघाचे सारे शील ज्याच्या ठायी एकवटले होते असा एक खेळाडू निवडावयाचा झाल्यास मी लिऊ युदोंगकडे बोट दाखवीन. फूज्यान प्रांताच्या किनाऱ्यावरील पुत्यान गावचा हा माणूस. उंची दोन मीटरांस किंचित कमी. म्हणजे आतल्या जागेवर खेळणाऱ्या आघाडीच्या गड्याच्या मानाने बेताचीच. गुडघे दुखापतींनी जर्जर झालेले. तो खेळत असे ते पट्ट्या आवळून, आणि धावताना त्याच्या पावलांतली किंचित ओढ प्रेक्षकांच्या नजरेतून सुटत नसे. पण कड्यापासून पाच-सहा पावलांवर त्याच्या हाती चेंडू आला, पाठीने प्रतिस्पर्ध्याला अजमावीत तो क्षणभर थांबला, आणि गर्रकन वळून त्याने उडी घेतली, की चेंडू बोटांच्या टोकांवरून इतक्या शांतपणे सुटे की जाळे हलल्याचा आवाज तेवढा उरे. फार उंच उडी घेण्याची त्याला गरजच नव्हती; कोणत्या क्षणी उडावे हे त्याला कळत होते. लोक त्याला ‘रणदेव’ म्हणत. १९९६ साली अ‍ॅटलांटा आणि २००० साली सिडनी, अशा लागोपाठ दोन ऑलिंपिक संचलनांत चीनचा ध्वज त्याच्याच हाती होता. ज्या माणसाने आपल्या देहाची झीज इतक्या निमूटपणे सोसली, त्याच्या हाती तो ध्वज देणाऱ्यांचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

सत्ता ढळली ती २००२ च्या वसंतात. त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत याओ मिंगने सरासरी ४१ हून अधिक गुण केले आणि दर सामन्यात एकवीस चेंडू कड्यावरून उसळताना झेलले. एकट्या माणसाने एका संस्थेविरुद्ध मांडलेले हे युद्धच होते. चौथा सामना निंगबोत, बायीच्या स्वतःच्या प्रेक्षकांपुढे झाला. तो शांघायने १२३ विरुद्ध १२२ असा, अवघ्या एका गुणाने जिंकला आणि सहा वर्षे एकाच दप्तरी जमा असलेले अजिंक्यपद प्रथमच दुसरीकडे गेले. त्या सामन्यात याओला अडवावयास जो माणूस हवा होता, तो त्या वेळी पॅसिफिक महासागरापलीकडे, टेक्ससमधील डॅलस शहरी होता. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण बायीचे मर्म तिच्यात आहे.

वांग झीझी हा १९७७ साली बीजिंगमध्ये जन्मला. आई-वडील दोघेही बास्केटबॉलपटू. कोवळ्या वयातच तो सेनेच्या युवक संघात दाखल झाला आणि विशीच्या आत बायीचा मुख्य सेंटर बनला. सात फूट उंचीचा हा तरुण कड्याखाली ठाण मांडून बसणारा नव्हता. त्याला दुरून, नाजूक मनगटाने चेंडू टाकणे आवडे, आणि डाव्या हाताची त्याची फेक पाहणे ही एक मेजवानीच असे. १९९९ साली डॅलस मॅव्हरिक्स या अमेरिकी संघाने निवडीत छत्तिसाव्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले. परंतु शिपायाला परमुलखात जाऊन खेळावयाचे तर हुकूम हवा, आणि हुकूम यावयास जवळजवळ दोन वर्षे लागली. डॅलसच्या मालकांना बीजिंगच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. अखेर ५ एप्रिल २००१ रोजी वांगने अमेरिकेच्या व्यावसायिक साखळी स्पर्धेत पाऊल टाकले, आणि तेथे खेळलेला तो पहिला चिनी ठरला. याओ मिंग त्याच्यामागून गेला.

पुढच्याच वर्षी बिनसले. २००२ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघासाठी परत येण्याची आज्ञा झाली. वांगने अमेरिकेतच राहून सराव करण्याची मुभा मागितली, ती मिळाली नाही, आणि तो परतला नाही. राष्ट्रीय संघाने त्याला बडतर्फ केले. खेळाडूचा हट्ट म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती, पण हा खेळाडू शिपाई होता, आणि शिपायाने रजेची मुदत ओलांडणे याला सैन्यात जे नाव आहे ते सर्वांच्या ओठांवर होते. डॅलसनंतर लॉस एंजेलिस, मग मायामी, असे तो बाकांवर बसून दिवस काढत राहिला. कौशल्य होते, पण जागा मिळेना आणि घरचा रस्ता बंद. २००६ साली तो मायदेशी उतरला, झाल्या गोष्टीची त्याने जाहीर क्षमा मागितली, आणि त्याला परत घेण्यात आले. या प्रकरणात कोणाची चूक किती, याचा निवाडा दुरून करणे मला उचित वाटत नाही. मात्र पंचविशीतल्या एका तरुणाला आपला खेळ आणि आपली फौज यांतून एक निवडावे लागले, ही गोष्ट मनाला चटका लावून जाते. २००६-०७ च्या हंगामात तो पुन्हा बायीच्या वेषात दिसला. प्रशिक्षक होते आदिलजान, शिंज्यांगकडचे उइघुर आणि याच संघाचे जुने खेळाडू. ओळीने तीन वर्षे अजिंक्य राहिलेल्या ग्वांगदोंगला बायीने अंतिम मालिकेत ४-१ असे हरविले. हे आठवे अजिंक्यपद, आणि शेवटचे.

त्यानंतर काळ फिरला. इतर संघांनी अधिकाधिक पैसा ओतून अमेरिकेतले नामांकित खेळाडू आणावयास आरंभ केला. त्यांतल्या स्टीफन मार्बरीच्या बळावर बीजिंगने चार वर्षांत तीनदा अजिंक्यपद मिळविले, आणि ग्वांगदोंगने बायीचा आठांचा विक्रम मागे टाकला. प्रांतोप्रांतीचे होतकरू तरुणही आता सेनेच्या तनख्यापेक्षा खासगी संघांच्या करारांकडे पाहू लागले. बायीशी खेळताना प्रतिस्पर्ध्यांनी परदेशी खेळाडूंचा वापर आवरता घ्यावा असे नियम करून पाहिले, पण त्याने तोल सावरला नाही. जी अट पूर्वी या संघाचे भूषण होती, तीच आता त्याच्या गळ्यातली धोंड झाली. तरी त्याने ती सोडली नाही, आणि तळाच्या क्रमांकावर राहूनही आपल्या मुलांनीच खेळणे पत्करले.

याच उतरत्या काळात एक लाजिरवाणा प्रसंग घडला. १८ ऑगस्ट २०११ रोजी बीजिंगमध्ये अमेरिकेच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संघाशी मैत्रीचा सामना होता. पंचांनी बायीला ५७ फ्री थ्रो दिले होते आणि पाहुण्यांना १५; ६४-६४ अशी बरोबरी आणि साडेनऊ मिनिटे उरली असताना दोन्ही संघ हातघाईवर आले, खुर्च्या उचलल्या गेल्या, प्रेक्षकांतून बाटल्या भिरकावल्या गेल्या आणि सामना तेथेच संपला. शिस्त हीच ज्यांची ख्याती, त्यांच्याकडून हे घडावे याचे दुःख होते. दुसऱ्या दिवशी विमानतळावर बायीचे काही लोक पाहुण्यांना भेटावयास गेले आणि भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली.

शेवट सैन्याच्याच फेररचनेतून आला. २०१५ साली तीन लाख सैनिकांची कपात जाहीर झाली. पुढल्या वर्षी, सैन्याने पैसे घेऊन चालविलेले सारे व्यवसाय सुमारे तीन वर्षांत बंद करावेत असे फर्मान निघाले. रणांगणाची तयारी हेच ज्या फौजेचे एकमेव काम ठरले, तिच्या जमाखर्चात पुरस्कर्त्यांच्या पैशावर चालणाऱ्या खेळाडूंची शिबंदी बसेना. दरम्यान संघाने निंगबो सोडून नानचांगला मुक्काम हलविला होता. ज्या नगरातल्या पहाटेवरून त्याला नाव मिळाले, त्याच नगराचे नाव अखेरच्या हंगामांत त्याच्या नावाला जोडले गेले.

२०२० च्या ऑक्टोबरात, साथीच्या भयामुळे साऱ्या संघांना झेज्यांगमधील चूजी येथे एकत्र ठेवून नवा हंगाम सुरू झाला. वेळापत्रकात बायीचे नाव होते. पहिल्या सामन्याच्या वेळी बायी मैदानात आला नाही. दुसऱ्याही वेळी आला नाही. २० ऑक्टोबर रोजी स्पर्धेच्या व्यवस्थापनाने संघ माघार घेत असल्याचे जाहीर केले, आणि त्याचे खेळाडू पुढे इतर संघांत विखुरले. त्या दिवशी संघाचा मुख्य प्रशिक्षक होता वांग झीझी. मुलगा म्हणून तो ज्या फाटकातून आत आला होता, ज्या फाटकाबाहेर चार वर्षे उभा राहिला होता, ते मिटताना तो आत होता.