डावा हात गेला, ताल राहिला

तबल्याच्या तालाचा सारा भार दोन हातांवर असतो. पाश्चात्य 'रॉक' संगीतांतील ड्रमवादकास मात्र हातांबरोबर पायही राबवावे लागतात. उजवा पाय मोठ्या ढोलावर आघात करतो, डावा पाय झांजांची जोडी उघडतो-मिटतो आणि हातांतील काठ्या इतर ढोल व झांजा वाजवितात. अशा वाद्यावर ज्याची उपजीविका, त्याचा एक हातच नाहींसा झाला तर? रिक ॲलन या इंग्रज वादकाचें चरित्र हें या प्रश्नाचें उत्तर होय.

डर्बीशायर परगण्यांतील ड्रॉनफील्ड गांवीं १९६३ सालीं त्याचा जन्म झाला. १९७८ सालीं, अवघ्या पंधराव्या वर्षीं, तो शेफील्डच्या 'डेफ लेपर्ड' या वाद्यवृंदांत दाखल झाला. १९८३ च्या 'पायरोमेनिया' या ध्वनिमुद्रिकेनें अमेरिकेंत त्यांचें नांव दुमदुमलें. परंतु ३१ डिसेंबर १९८४ रोजीं शेफील्डजवळ त्याची भरधांव मोटार रस्त्याबाहेर गेली आणि त्याचा डावा हात तुटला. शस्त्रवैद्यांनीं तो पुन्हां जोडला. पण जखम दूषित झाल्यामुळें अखेर काढून टाकावा लागला. रिकचें वय तेव्हां एकवीस वर्षांचें होतें!

रुग्णशय्येवर पडल्या पडल्या पायांनीं ठेका धरतांना त्याच्या ध्यानीं आलें कीं, डाव्या हाताचें काम डाव्या पायास शिकवितां येईल. मग त्याच्यासाठीं विजेवर चालणारा ड्रमसंच तयार झाला. पायाखालचें पेडल दाबतांच, पूर्वीं डावा हात जो ध्वनि काढी, तो उमटे. साधन मिळालें, तरी हात गिरविलेली विद्या पायास नव्यानें गिरवावी लागली. त्याच्या सोबत्यांनीं त्याची जागा दुसऱ्यास दिली नाहीं, ते थांबले. ऑगस्ट १९८६ मध्यें डॉनिंग्टन येथील भव्य जलशांत तो त्यांच्यासह वाजवावयास बसला. १९८७ सालीं निघालेल्या 'हिस्टीरिया' या ध्वनिमुद्रिकेच्या पुढें जगभर दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. २००१ सालीं त्यानें पत्नीसह एक संस्था स्थापिली. युद्धांत मनानें खचलेल्या सैनिकांस तालवादनाच्या द्वारें धीर देण्याचें कार्य ती करीत आली आहे.

घरांतील एखादें माणूस अपघातानें अधू झालें कीं, आपण मायेपोटीं त्याच्या हातचें काम काढून घेतों. 'आतां तूं स्वस्थ बैस' या शब्दांत प्रेम असतें खरें. पण तेच शब्द त्याला निरुपयोगी ठरवूनही जातात. रिकच्या सोबत्यांनीं त्याचें काम काढून घेतलें नाहीं. काम करण्याची रीत बदलेपर्यंत त्याला अवधि दिला. आपल्या घरींही अशा माणसास विश्रांतीइतकीच या अवधीची गरज असते.