नॉर्मल म्हणजे किती?

परिचर्येच्या किंवा वैद्यकाच्या पहिल्या वर्षी आपण पाठ करतो : शरीराचे नॉर्मल तापमान ३७ अंश सेल्सिअस. हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी १८६८ साली, काखेत तापमापक ठेवून घेतलेल्या असंख्य नोंदींवरून रूढ केला. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी स्त्री-पुरुषांचे तापमान तोंडात मोजले, तेव्हा सरासरी ३६.८ आली. पहाटे सहाच्या सुमारास ते सर्वांत कमी, तर संध्याकाळकडे साधारण अर्ध्या अंशाने जास्त होते. निरोगी माणसाची वरची मर्यादा पहाटे ३७.२, दुपारनंतर ३७.७! म्हणजे ३७.५ हा आकडा पहाटे ताप, पण संध्याकाळी नॉर्मल. घड्याळ न पाहता तापमापक वाचला, तर निरोगी माणसाला आपण गोळी देऊ आणि खरा ताप निसटेल. वर्गात आठवडाभर प्रत्येकाने आपले तापमान सकाळ-संध्याकाळ मोजून आलेख काढून पाहावा.