मदतीचे ट्रक परत गेल्यावर

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं झाली होती. आता लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर गाव भूकंपात कोसळलं. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. धाराशिव-लातूरची जी 52 गावं नव्या जागी वसवावी लागली, त्यांत सास्तूरही आहे. आपत्तीत समाजकार्यकर्ते काय करतात, याबद्दलचे आपले बरेचसे समज या पट्ट्यातल्या अनुभवाशी ताडून पाहता येतात.

पहिला समज म्हणजे, समाजकार्यकर्ते धान्य, कपडे, ब्लँकेटं वाटतात. वाटतात, पण थोडे दिवस. ट्रक परत गेले की खरं काम पुढे येतं आणि ते बरंचसं कागदावरचं, बैठकांमधलं असतं. नव्या गावात घर किती मोठं मिळणार हे जमीन किती यावर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या शेतकऱ्यांना 750. नियम सुटसुटीत वाटतो. पण सातबारा बापाच्या नावावर आणि घरात चुली तीन, तर कुटुंबं किती धरायची? नवरा ढिगाऱ्याखाली गेला आणि जमीन सासऱ्याच्या नावावर, तर त्या बाईचं नाव यादीत कुठे? गावकीच्या बैठकीत ती मागे बसते, बोलत नाही. तिच्या घरी जाऊन ऐकून घ्यायचं, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे तिच्यासोबत जायचं, नाव चढेपर्यंत पाठ सोडायची नाही, हे समाजकार्य. त्याचा फोटो कुणी काढत नाही. मला मात्र ते ब्लँकेटवाटपापेक्षा मोठं वाटतं.

दुसरा समज असा की आपद्ग्रस्त हतबल असतात, त्यांचं बाहेरच्यांनी ठरवावं. कुठल्याही भूकंपात ढिगारा उपसायला पहिले हात शेजाऱ्यांचेच लागतात. मराठवाड्याच्या पुनर्वसनात लोकसहभागासाठी सरकारने स्थलांतराच्या गावांत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची, तर जागच्या जागी घरं दुरुस्त करायच्या गावांत प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ची मदत घेतली. या दुसऱ्या संस्थेने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ केलं. अनुदानाचा हप्ता कधी, कशासाठी आणि भूकंपात तग धरेल अशी दुरुस्ती म्हणजे काय, हे त्या घरोघरी सांगू लागल्या. ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या बांधकामावर नजर ठेवू लागल्या.

‘घराची चावी मिळाली, पुनर्वसन संपलं’ हाही समज. सरळ रेषेतल्या, रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहतीत जुनी गल्ली आणि भावकीचा शेजार राहिलाच असं नाही. गोठा, कडबा, अवजारं यांना जागा लागते. शेत लांब पडतं. आजारी माणसाचं काय, हा प्रश्न वेगळाच. सास्तूरचं ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय भूकंपानंतरच उभं राहिलं, आणि अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. अशा कामांचं मोजमाप वर्षांत करायचं असतं.

अनाथ मुलांबाबत तर चांगल्या मनाची माणसंही चुकतात. ‘आम्ही घेऊन जातो, सांभाळतो’ असं म्हणून मूल उचलून नेता येत नाही. आधी काका, मामा, आजी शोधायचे. आज कायद्याने बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. 1993 नंतर पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गला ‘आपलं घर’ सुरू झालं, मुलं आपल्याच मुलखात राहिली. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. दोन्ही वाटांमागे नुसता कळवळा नव्हता, वर्षानुवर्षांची जबाबदारी होती.

राहिला मनाचा प्रश्न. ‘त्यांना सगळं बोलायला लावा, मन मोकळं होईल’ हे सर्रास ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पद्धत याच्या उलट आहे: परिस्थिती बघा, माणूस आपणहून बोलेल तेवढं ऐका आणि त्याला नातेवाइकांशी, मदतीशी जोडून द्या. खोदून विचारायचं नाही. बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. ज्यांची झोप, जेवण, बोलणं महिनोन्‌महिने थाऱ्यावर येत नाही, त्यांना ओळखून डॉक्टरांपर्यंत पोचवायचं.

2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा धाराशिव-लातूरच्या गावांतल्या बायका तिकडे गेल्या. आपण घर कसं उभं केलं, हे त्यांनी तिथल्या बायकांना सांगितलं.