संगणकाचे नाव आणि डेस्कटॉपचा विलंब : गैरसमज व वस्तुस्थिती

लिनक्स प्रणालीवरील संगणकात पासवर्ड घालून झाल्यावर दहा-वीस सेकंद पडदा रिकामाच राहावा, आणि एकदा डेस्कटॉप दिसू लागला की पुढील सर्व व्यवहार मात्र निर्वेध चालावेत, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. अशा विलंबाची कारणे अनेक असू शकतात. परंतु त्यांतील एक कारण असे आहे की त्याचा संशय सहसा कोणास येत नाही, आणि त्याचे निवारण मात्र एका ओळीच्या दुरुस्तीने होते. संगणकास स्वतःच्याच नावाचा पत्ता सापडत नाही, हे ते कारण होय. त्याविषयीच्या रूढ समजांमुळे कित्येक जण नाहक खर्चात पडतात, अथवा सुस्थितीतील प्रणाली पुसून ती नव्याने बसवितात; म्हणून त्या समजांची छाननी करणे अगत्याचे वाटते.

गैरसमज १ : ज्या अर्थी विलंब होतो, त्या अर्थी यंत्र जुने झाले आहे.

वस्तुस्थिती : जुने यंत्र काम करण्यास वेळ घेते; येथे काम होतच नसते. प्रोसेसर स्वस्थ असतो, डिस्कही शांत असते, आणि कोणता तरी प्रोग्रॅम नेमसर्व्हरच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरच्या, उत्तराची प्रतीक्षा करीत थांबलेला असतो. नाव शोधण्याचे काम लिनक्समध्ये बहुधा ‘जीलिबसी’ या मूलभूत लायब्ररीकडे असते, आणि तिचा मूळचा दंडक असा की सर्व्हरला ५ सेकंदांची मुदत द्यावी व उत्तर न आल्यास एकूण दोन वेळा विचारावे. एकच सर्व्हर नोंदलेला असून तो गप्प राहिला, तर एका पृच्छेमागे १० सेकंद जातात. आणि निरनिराळ्या प्रोग्रॅमांनी एकामागून एक तीच पृच्छा केली, तर विलंब त्या मानाने वाढतो. थांबण्याचा काळ रोज जवळजवळ सारखाच भरत असेल आणि तो पाच-पाच सेकंदांच्या पटीत पडत असेल, तर ही खूण ओळखावी. नवी मेमरी बसवून ही मुदत एका सेकंदानेही घटत नाही.

गैरसमज २ : डेस्कटॉप आपल्याच यंत्रावर चालतो, त्याचा नेटवर्कशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : लिनक्सचे बहुतेक डेस्कटॉप दीर्घकाळ ज्या एक्स विंडो प्रणालीवर उभे राहिले, ती १९८४ साली एमआयटी या संस्थेत जन्मली, आणि प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा व त्याचे चित्र दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटावे, हा तिच्या रचनेचा पायाच होता. त्यामुळे पडदा वापरण्याच्या परवान्यांची जी नोंद ती ठेवते, त्या नोंदीत यंत्राचे नावही असते. आणि सत्र सुरू करणारे प्रोग्रॅम त्या नावाचा पत्ता विचारतात. ग्नोम या डेस्कटॉपच्या दुसऱ्या मालिकेत हा पत्ता न लागल्यास तसा स्पष्ट इशारा पडद्यावर येई आणि होस्ट्स फाइलीत, म्हणजे यंत्रावरच असलेल्या नावे व पत्ते यांच्या यादीत, नाव घालण्याचा सल्लाही मिळे. यंत्र स्वतःचाच पत्ता बाहेरच्या सर्व्हरला विचारीत बसते, तेव्हा काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण अक्षरशः खरी ठरते.

गैरसमज ३ : डीएनएस आल्यापासून होस्ट्स फाइल निरुपयोगी झाली आहे.

वस्तुस्थिती : अर्पानेटच्या काळी साऱ्या यंत्रांची नावे एकाच फाइलीत नोंदली जात, आणि तिचे दप्तर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे असे. यंत्रे वाढली तेव्हा ती पद्धत अपुरी पडू लागली, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावांचे पत्ते नेमसर्व्हरांना विचारण्याची, योजना मांडली. मध्यवर्ती दप्तर त्यामुळे कालबाह्य झाले. प्रत्येक यंत्रावरील स्थानिक फाइल मात्र अद्याप अंमलात आहे. ‘ईटीसी’ या डिरेक्टरीतील ‘एनएसस्विच डॉट कॉन्फ’ ही फाइल शोधाचा अनुक्रम ठरविते, आणि तीत सामान्यतः होस्ट्स फाइलीचा क्रमांक डीएनएसच्या आधी असतो. नाव तेथेच सापडले की पृच्छा यंत्राबाहेर जात नाही.

गैरसमज ४ : यंत्राचे नाव एका आज्ञेने बदलले की काम संपले.

वस्तुस्थिती : नेमका येथेच बिघाडाचा उगम पुष्कळदा असतो. ‘होस्टनेमसीटीएल’ ही आज्ञा यंत्राचे नाव बदलते, परंतु होस्ट्स फाइलीतील जुने नाव तसेच राहते. त्यानंतर ‘सुडो’ वापरताना यंत्राच्या नावाचा पत्ता लागत नसल्याची तक्रार दिसू लागली, तर ती दुर्लक्षू नये. फाइलीत १२७.०.०.१ या पत्त्यापुढील ‘लोकलहोस्ट’ ही ओळ कायम ठेवावी, आणि डेबियनच्या प्रघाताप्रमाणे १२७.०.१.१ या पत्त्यापुढे यंत्राचे नवे नाव लिहावे. हा सारा मजकूर रोमन लिपीत व इंग्रजी अंकांत लिहावयाचा असतो. सिस्टिमडीसोबत आलेल्या ‘मायहोस्टनेम’ या घटकाची तजवीज जेथे केलेली आहे, तेथे ही नोंद नसली तरी यंत्रास स्वतःचे नाव कळते, आणि म्हणून नव्या प्रणालींत हा दोष विरळ झाला आहे.

गैरसमज ५ : केबल काढली की डेस्कटॉप झटकन उघडतो; म्हणजे दोष इंटरनेट सेवेचा आहे, आणि नेमसर्व्हर बदलणे हाच उपाय.

वस्तुस्थिती : नेटवर्कच नसेल तर पृच्छा पाठविता येत नाही, हे प्रणालीस तत्काळ कळते आणि ती पुढे सरकते; नेटवर्क असून सर्व्हर मौन धरतो, तेव्हा मात्र पूर्ण मुदत संपेपर्यंत थांबणे भाग पडते. नकारास क्षणही लागत नाही, मौनास लागतो. दुसरा सर्व्हर तत्परतेने नकार देईल आणि विलंबही कदाचित दूर होईल. परंतु आपल्या घरातील यंत्राचे नाव त्यास ठाऊक असण्याचे कारणच नाही, आणि ते नाव विनाकारण परक्या सर्व्हरकडे जात राहील. मूळ दोष शाबूतच राहतो.

गैरसमज ६ : ‘एनएसलुकअप’ने तपासले म्हणजे निर्णय झाला.

वस्तुस्थिती : ती आज्ञा थेट डीएनएसला विचारते, होस्ट्स फाइल पाहत नाही. प्रोग्रॅम ज्या मार्गाने नाव शोधतात त्याच मार्गाने तपास करावयाचा, तर ‘गेटएंट एहोस्ट्स’ या आज्ञेपुढे यंत्राचे नाव द्यावे, आणि आरंभी ‘टाइम’ हा शब्द जोडून लागलेला वेळ पाहावा.

उत्तर क्षणार्धात आले, तर विलंबाचे कारण अन्यत्र आहे असे समजून होस्ट्स फाइलीस हात लावू नये. काही सेकंद लागले, तर ती एक ओळ दुरुस्त करावी. नवे यंत्र घेण्याचा किंवा प्रणाली पुसून टाकण्याचा निर्णय हा तपास होईपर्यंत तहकूब ठेवावा, एवढेच वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे.