गिट पुशचे पूर्वनिर्धारित वर्तन

गिट या आवृत्ती नियंत्रण प्रणालीत 'गिट पुश' ही आज्ञा वापरकर्त्याच्या संगणकावरील शाखांमधील नव्या नोंदी दूरस्थ रिपॉझिटरीकडे पाठवते. कोणती शाखा पाठवायची हे आज्ञेत लिहिले नसेल, तर गिट जो मार्ग स्वतः स्वीकारते त्यास पुशचे पूर्वनिर्धारित वर्तन म्हणतात. 'पुश.डीफॉल्ट' या सेटिंगने ते बदलता येते.

जुने वर्तन

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट तयार केले. आवृत्ती २.० येईपर्यंत त्यात 'मॅचिंग' ही पद्धत पूर्वनिर्धारित होती. तीनुसार दोन्हीकडे समान नाव असलेल्या सर्व शाखा एकाच वेळी पाठवल्या जात. रिपॉझिटरीत एकच व्यक्ती लिहीत असेल, तर ही पद्धत सोयीची असते. अनेकांच्या सामाईक रिपॉझिटरीत मात्र ती धोक्याची ठरते. उदाहरणार्थ, 'दुरुस्ती' शाखेवर काम करणाऱ्याने पुश केल्यास त्याच्या 'मुख्य' शाखेतील अर्धवट कामही सोबत जाते. त्याची 'मुख्य' शाखा जुनी असेल, तर एरवी गिट ती नाकारते. परंतु 'फोर्स' हा पर्याय जोडलेला असल्यास सहकाऱ्यांच्या नव्या नोंदी त्या शाखेतून निघून जातात.

बदल

'सिंपल' ही पद्धत २०१२ मध्ये आवृत्ती १.७.११ मध्ये आली. जुन्या सवयी एकाएकी मोडू नयेत म्हणून पुढील काही आवृत्त्यांत, सेटिंग केलेले नसल्यास, येऊ घातलेल्या बदलाची सूचना दाखवली जात असे. २८ मे २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या आवृत्ती २.० पासून 'सिंपल' पूर्वनिर्धारित झाली. तीत केवळ चालू शाखा पाठवली जाते. दूरस्थ रिपॉझिटरीतील जी शाखा तिच्याशी जोडलेली असते, तिला अपस्ट्रीम म्हणतात. दोघींची नावे भिन्न असल्यास किंवा अपस्ट्रीम ठरलेलीच नसल्यास गिट सहसा काहीही न पाठवता थांबते. वापरकर्त्याच्या मौनाचा अर्थ शक्य तितका मर्यादित घ्यावा, हे यामागील तत्त्व आहे.

इतर पर्याय

* नथिंग : शाखेचे नाव दिल्याशिवाय काहीही पाठवले जात नाही.
* करंट : चालू शाखा त्याच नावाने पाठवली जाते, दूरस्थ रिपॉझिटरीत ती नसल्यास नव्याने तयार होते.
* अपस्ट्रीम : नावे भिन्न असली तरी चालू शाखा तिच्या अपस्ट्रीम शाखेकडे जाते.
* मॅचिंग : जुने वर्तन, आजही निवडता येते.

२०२२ मधील आवृत्ती २.३७ पासून नव्या शाखेची अपस्ट्रीम पहिल्या पुशच्या वेळी आपोआप ठरवण्याची वेगळी सेटिंगही उपलब्ध आहे.